रक्तस्राव मोजायचा, अंदाजायचा नाही : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावावर, म्हणजे लेबर रूमच्या भाषेत पीपीएचवर, कधी आणि काय उपचार करायचे याच्या गाइडलाइन्स उपलब्ध आहेत. त्या तयार कशा होतात, छोट्या दवाखान्यात कशा उतरवायच्या आणि उतरवूनही का टिकत नाहीत, याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या वेळी प्रसूतिशास्त्र, परिचर्या आणि संशोधनपद्धती या क्षेत्रांतल्या जाणकारांनी मिळून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : तालुक्याच्या गावी आमचं १५ खाटांचं प्रसूतिगृह आहे. महिन्याला साधारण ५० बाळंतपणं होतात. पीपीएचचा लेखी प्रोटोकॉल करायचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची गाइडलाइन आहे, फॉग्सीची (स्त्रीरोग-प्रसूतितज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेची) आहे, सरकारचीही आहे. आपली वेगळी लिहावी की यातलीच एक घ्यावी? (प्रसूतितज्ज्ञ, सोलापूर जिल्हा)

वेगळी लिहू नका. नव्याने गाइडलाइन करायची म्हणजे आधी नेमके प्रश्न ठरवायचे, जगभरातले अभ्यास शोधायचे, दोन जणांनी ते स्वतंत्रपणे चाळायचे, प्रत्येकाचा दर्जा तपासायचा आणि मग समितीने फायदा-तोटा तोलून शिफारस करायची. मोठ्या संस्थांचंही यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात. तुमचं काम आहे चांगली गाइडलाइन निवडून ती आपल्या दवाखान्याला जुळवून घेणं.

निवडीसाठी ‘अ‍ॅग्री-२’ नावाचं साधन जगभर वापरतात. त्यात सहा भागांत २३ मुद्दे आहेत. तुम्ही चार गोष्टी पाहिल्या तरी भागेल : शेवटची सुधारणा कधी झाली, प्रत्येक शिफारशीपुढे पुराव्याचा दर्जा लिहिला आहे का, समितीतल्यांचे औषध कंपन्यांशी असलेले संबंध जाहीर केले आहेत का, आणि समितीत परिचारिका किंवा मिडवाइफ होत्या का. शेवटच्या मुद्द्याकडे दुर्लक्ष करू नका. ज्यांच्या हातून काम व्हायचं त्या खोलीत नसल्या, तर कागदावर सुरेख दिसणारी पण रात्री दोन वाजता न जमणारी सूचना तयार होते.

जुळवून घेताना काय बदलायचं आणि काय नाही, हे पक्कं ठरवा. कोणी काय करायचं, औषधं कुठे ठेवायची, भूलतज्ज्ञांना फोन कोणी करायचा, रक्तपेढी कोणती, पेशंट कुठे पाठवायचा, हे सगळं तुमचं. डोस, वेळेची मर्यादा आणि उपचार सुरू करण्याचा रक्ताचा आकडा यांना मात्र हात लावायचा नाही.

सगळ्यात जास्त चूक अटींसह दिलेल्या शिफारशींत होते. गर्भाशयात फुगा घालून रक्तस्राव थांबवणं हे उदाहरण घ्या. आपल्याकडे कॅथेटरला कंडोम बांधून हा उपाय वर्षानुवर्षं करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये याची शिफारस केली ती अटींसह : पहिल्या फळीचे उपचार नीट देऊन झालेले असावेत, रक्तस्रावाची इतर कारणं नाहीत याची खात्री असावी, करणारा शिकलेला असावा, आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया व रक्त तत्काळ मिळायला हवं. कारण आफ्रिकेतल्या छोट्या रुग्णालयांत झालेल्या अभ्यासांत फुग्याचा अपेक्षित फायदा दिसला नव्हता. अट गाळून नुसतं ‘फुगा घाला’ एवढंच प्रोटोकॉलमध्ये उतरलं, तर शिफारशीचा अर्थच उलटतो. तुमच्याकडे २४ तास शस्त्रक्रिया आणि रक्ताची सोय नसेल, तर फुग्यात वेळ घालवण्याआधी पेशंट हलवायची तयारी सुरू झाली पाहिजे.

लिहायला बसताना डॉक्टरांबरोबर किमान दोन सिस्टर घ्या, त्यातली एक रात्रपाळीची. मावशींनाही बोलवा, कारण धावपळीत सामान त्याच आणतात. मजकूर दोन पानांपलीकडे जाऊ देऊ नका. अंतिम करण्याआधी रात्रपाळीत एकदा लुटुपुटीची तालीम घ्या. फ्रिजची किल्ली कोणाकडे, सलाइनचा स्टँड कुठे, असले घोळ तिथेच उघडे पडतात. खाली तारीख आणि पुढच्या फेरतपासणीचा महिना लिहा.

प्रश्न : आमच्याकडे पीपीएचचा तक्ता भिंतीवर आहे. ट्रेनिंगही झालं. दोन महिने सगळं नीट चाललं, मग पुन्हा मागचेच दिवस. रक्त किती गेलं ते डोळ्यांनी बघून ‘साधारण ३०० एमएल’ असंच लिहितो. चुकतंय कुठे? (स्टाफ नर्स, सातारा जिल्हा)

तुमच्या प्रश्नातच उत्तराचा अर्धा भाग आहे. ‘साधारण ३००’ लिहिलं जातं, तिथेच गाइडलाइन अडते. तक्ता सांगतो की ५०० मिलीवर उपचार सुरू करा. पण ५०० झाले हे कळणारच नसेल तर तक्त्याची पहिली ओळही लागू होत नाही. डोळ्यांचा अंदाज जास्त रक्ताच्या बाबतीत नेहमी कमी येतो. चादरीत मुरलेलं, बादलीत पाण्यात मिसळलेलं, हळूहळू झिरपणारं रक्त नजरेला पुरतं दिसतच नाही. अनुभवी माणसाचाही अंदाज चुकतो, त्यामुळे यात कोणाच्या कौशल्याला बोल लावण्यासारखं काही नाही.

यावर ‘ई-मोटिव्ह’ हा मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथली ८० रुग्णालयं आणि योनिमार्गे प्रसूती झालेल्या दोन लाखांहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. अर्ध्या रुग्णालयांत दोन गोष्टी केल्या : खुणा असलेल्या प्लास्टिकच्या ड्रेपमध्ये, म्हणजे कमरेखाली पसरायच्या पिशवीवाल्या चादरीत, रक्त मोजायचं, आणि पीपीएच ठरताच सगळे प्राथमिक उपचार एकदम द्यायचे. एक औषध देऊन वाट बघायची, मग दुसरं, असं नाही. एक लिटर किंवा त्याहून जास्त रक्तस्राव, रक्तस्रावासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्यामुळे मृत्यू, यांतलं काहीही होण्याचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीत ४.३ टक्के होतं, ते १.६ टक्क्यांवर आलं. यातलं कुठलंच औषध नवं नव्हतं. नेहमीच्या पद्धतीत पीपीएचच्या निम्म्याच केसेस ओळखल्या जात होत्या, ड्रेप वापरणाऱ्यांनी ९३ टक्के ओळखल्या. पूर्ण उपचारसंच मिळण्याचं प्रमाण तर १९ टक्क्यांवरून ९१ वर गेलं.

ड्रेप कसा लावायचा ते नीट बघा, कारण चुका इथेच होतात. बाळ झालं, गर्भजलाने भिजलेलं कापड काढलं, की मग ड्रेप कमरेखाली सरकवायचा. आधी लावला तर गर्भजल पिशवीत जमतं आणि आकडा फुगतो. पिशवीचं निमुळतं टोक टेबलाच्या कडेवरून खाली मोकळं लोंबलं पाहिजे. टेबलावरच आडवं राहिलं तर रक्त घडीत साचतं आणि खुणेपर्यंत पोचत नाही. टाके घालायला अडचण होते म्हणून ड्रेप लवकर काढू नका, कारण टाके घालतानाच बरंच रक्त जातं. पहिला तासभर दर १५ मिनिटांनी पाच गोष्टी बघून लिहायच्या : पिशवीतला आकडा, रक्ताची धार, गर्भाशयाचा घट्टपणा, नाडी आणि रक्तदाब.

ड्रेप नसेल तर वजन करा. कोरडा पॅड आणि मॉप (रक्त टिपायचं कापड) यांची वजनं एकदा करून भिंतीवर लावा. भिजलेल्याच्या वजनातून कोरडं वजन वजा केलं की उरलेले जेवढे ग्रॅम, तेवढे मिली रक्त धरायचं.

५०० मिली झाले, किंवा ३०० झाले आणि नाडी, रक्तदाब, धार, गर्भाशय यांतलं काही बिघडलेलं दिसलं, की थांबायचं नाही. पुढच्या १५ मिनिटांत हे सगळं झालं पाहिजे. एकीने गर्भाशय चोळायचं. दुसरीने शीर लावून ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचित करणारं औषध) १० युनिट सलाइनमधून सुमारे १० मिनिटांत द्यायचं. ते शिरेतून एकदम ढकललं तर रक्तदाब कोसळतो. त्यानंतर एक लिटर सलाइनमध्ये २० युनिट, चार तास. रक्ताची गुठळी टिकवून रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड १ ग्रॅम शिरेतून १० मिनिटांत. शिवाय वेगळं सलाइन. मूत्राशय रिकामं करायचं, रक्ताच्या गाठी काढायच्या, वार पूर्ण आली का ते पुन्हा बघायचं, कुठे फाटलं आहे का ते उजेडात तपासायचं. एवढं करूनही रक्त थांबलं नाही तर वरिष्ठांना बोलवायचं किंवा पेशंट हलवायचा.

हे सगळं एका डब्यात किंवा ट्रॉलीत एकत्र असलं पाहिजे. ट्रॅनेक्झॅमिकचं अ‍ॅम्प्यूल बहुधा ५ मिलीत ५०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे दोन लागतात. ऑक्सिटोसिन बहुधा ५ युनिटचं, म्हणजे तेही दोन. तरी लेबल वाचूनच भरा. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, म्हणून ते डब्यात नाही, लेबर रूममधल्याच फ्रिजमध्ये, आणि डब्यावर तसं ठळक लिहिलेलं. उन्हाळ्यात ट्रेमध्ये आठवडाभर पडलेल्या अ‍ॅम्प्यूलचा भरवसा नसतो. ‘औषध दिलं पण गर्भाशय घट्ट होत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हे कारण निघतं. मेथर्जिन हे गर्भाशय आकुंचित करणारं दुसरं औषधही फ्रिजमध्येच ठेवायचं, आणि रक्तदाब वाढलेल्या बाईला ते द्यायचं नाही.

एक गोष्ट विशेष काळजीने सांगतो. ट्रॅनेक्झॅमिक ऑपरेशन थिएटरमध्ये मणक्यातल्या भुलीच्या औषधांशेजारी ठेवू नका. अ‍ॅम्प्यूल सारखं दिसल्यामुळे ते चुकून मणक्यात टोचलं गेल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत आणि त्यात जीव गेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी खास इशारा दिला आहे. नवं औषध गाइडलाइनमध्ये आलं की ते कपाटात कुठे बसणार हाही त्या गाइडलाइनचाच भाग समजायला हवा.

दोन महिन्यांनी गाडी रुळावरून का घसरते? एकदाच ट्रेनिंग होतं, सिस्टर बदलतात, डबा वापरला की पुन्हा भरला जात नाही, आणि आपण कसं काम करतो हे कोणी सांगत नाही. ई-मोटिव्हमध्ये प्रत्येक ठिकाणी एक सिस्टर आणि एक डॉक्टर या कामाचे जबाबदार होते, दर महिन्याला आकडे सगळ्यांसमोर ठेवले जात. तुम्ही ते करू शकता. डबा ज्या पाळीत वापरला त्याच पाळीने भरून सही करायची. महिन्यातून एकदा २० मिनिटांची तालीम, लेबर रूममध्येच. हॉलमधलं व्याख्यान याला पर्याय नाही.

प्रश्न : मी एमडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ट्रॅनेक्झॅमिकची शिफारस ठाम आहे, पण मूळ अभ्यासात मुख्य निष्कर्ष नकारात्मक होता असं वाचलं. मग समितीने कशाच्या जोरावर ठरवलं? (नागपूर)

वाचलंत ते खरं आहे. ‘वुमन’ अभ्यास (२०१७) २०,०६० स्त्रियांवर झाला. मृत्यू किंवा गर्भाशय काढणं, या एकत्रित मुख्य निकषात फरक पडला नाही : औषध मिळालेल्यांत ५.३, न मिळालेल्यांत ५.५ टक्के. पण गर्भाशय काढण्याचा निर्णय बऱ्याचदा औषध देतानाच झालेला असतो, त्यामुळे औषधाचा परिणाम त्या निकषावर दिसणं अवघडच होतं. निव्वळ रक्तस्रावाने झालेले मृत्यू पाहिले तर १.९ वरून १.५ टक्के, आणि तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांत १.७ वरून १.२. म्हणजे हजारामागे पाच जीव. गुठळ्या होण्याचं प्रमाण वाढलं नाही.

पुरावा तोलायच्या ‘ग्रेड’ पद्धतीत समिती दोन गोष्टी वेगवेगळ्या ठरवते. पहिली, पुराव्यावर किती विश्वास ठेवायचा : उच्च, मध्यम, कमी, अतिशय कमी. अभ्यासातली पक्षपाताची शक्यता, निष्कर्षांतली विसंगती, पुरावा आपल्या प्रश्नाला थेट लागू नसणं, आकड्यांतली अनिश्चितता आणि नकारात्मक अभ्यास छापलेच न जाणं, या पाच कारणांनी दर्जा खाली येतो. दुसरी, शिफारस ठाम की सशर्त. तिथे फायदा, धोका, खर्च, सोय आणि स्त्रियांना स्वतःला काय महत्त्वाचं वाटतं, हे तोललं जातं. इथे मृत्यू टळतो, धोका दिसत नाही, औषध स्वस्त आहे आणि फ्रिज लागत नाही. म्हणून २०१७ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने आधीची सूचना बदलली. आधी इतर औषधं लागू पडली नाहीत तर ट्रॅनेक्झॅमिक द्या असं होतं, आता पीपीएच ठरताच, पण बाळंतपणापासून तीन तासांच्या आत. नंतरच्या विश्लेषणात दर १५ मिनिटांच्या उशिरामागे फायदा साधारण १० टक्क्यांनी घटतो असं दिसलं.

आणि आता परीक्षेत हमखास चुकणारा भाग. हेच औषध पीपीएच होऊ नये म्हणून आधीच द्यावं का? ‘वुमन-२’ (२०२३) मध्ये मध्यम किंवा तीव्र अ‍ॅनिमिया असलेल्या १५,०६८ स्त्रियांपैकी साधारण निम्म्यांना प्रसूतीनंतर लगेच ते दिलं, आणि पीपीएच कमी झाला नाही : औषध मिळालेल्यांत ७.० टक्के, न मिळालेल्यांत ६.६. औषध तेच, डोस तोच, पण प्रश्न वेगळा, म्हणून उत्तरही वेगळं. गाइडलाइन लिहिताना कोणत्या रुग्णाला, काय, कशाच्या तुलनेत आणि कशासाठी, हे एका वाक्यात बांधून घेतात ते याचसाठी.

प्रश्न : अभ्यास सगळे बाहेरचे. आपल्या बायकांना ते लागू होतात का? (निवृत्त प्राचार्य, कोल्हापूर)

शंका रास्त आहे, पण या विषयात भारताचा वाटा मोठा आहे आणि तुमच्या शेजारचाच आहे. बेळगाव जिल्ह्यात १,६२० स्त्रियांवर झालेला अभ्यास २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. घरी किंवा उपकेंद्रात एएनएमच्या (गावपातळीवरच्या परिचारिकेच्या) हातून होणाऱ्या बाळंतपणांत मिसोप्रोस्टॉल या गर्भाशय आकुंचित करणाऱ्या औषधाच्या ६०० मायक्रोग्रॅम गोळ्या तोंडाने दिल्या, आणि पीपीएच १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. रक्त मोजायला खुणांचा ड्रेप त्याच प्रकल्पात विकसित झाला. आज आफ्रिकेतल्या निष्कर्षांचा आधार असलेली मोजणी ज्या साधनाने होते, त्याच्या इतिहासात बेळगाव आहे. २०११ मध्ये मिसोप्रोस्टॉल या वापरासाठी जागतिक आवश्यक औषधांच्या यादीत आलं.

फरक करायचा तर तो उलट दिशेने. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गर्भवती अ‍ॅनिमिक आढळल्या. अंगात रक्तच कमी असलेल्या बाईला ५०० मिलीही झेपत नाहीत. म्हणून आपल्याकडे अधिक सावध राहायला हवं.

प्रश्न : चेकलिस्ट लावूनही मृत्यू घटले नाहीत, असं उत्तर प्रदेशातल्या अभ्यासाबद्दल ऐकलं. मग एवढा खटाटोप कशाला? (विश्वस्त, धर्मादाय रुग्णालय)

तो ‘बेटरबर्थ’ अभ्यास, १२० केंद्रांचा, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला. सुरक्षित प्रसूतीची चेकलिस्ट आणि आठ महिने प्रत्यक्ष जाऊन मार्गदर्शन असा कार्यक्रम होता. आवश्यक कृती पाळण्याचं प्रमाण दोन महिन्यांनी ७३ टक्के होतं, ज्यांना कार्यक्रम मिळाला नाही त्यांच्यात ४२. वर्षभराने, मार्गदर्शन थांबल्यावर, ते ६२ वर घसरलं. माता व बाळांचे मृत्यू आणि मातांची गंभीर गुंतागुंत यांत फरक दिसला नाही.

यातून चेकलिस्ट निरुपयोगी असं निघत नाही. हात धुतले, रक्तदाब घेतला, इंजेक्शन दिलं, यांवर खूण झाली, पण गुंतागुंत झाल्यावर ती हाताळायचं कौशल्य, रक्त आणि पुढच्या रुग्णालयापर्यंतची वाट तशीच राहिली, तर शेवटचा आकडा हलणं कठीण असतं. विश्वस्त म्हणून तुम्ही याच गोष्टींवर पैसा खर्च करा.

मोजायचं काय, हेही ठरवा. महिन्याला ५० बाळंतपणांच्या ठिकाणी मातामृत्यू इतका विरळ असतो की वर्षभराच्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी बघा : किती बाळंतपणांत रक्त मोजलं गेलं, किती पीपीएचमध्ये पूर्ण उपचारसंच मिळाला, आणि पीपीएच ठरल्यापासून ट्रॅनेक्झॅमिक सुरू होईपर्यंत किती मिनिटं गेली. सुरुवातीला पीपीएचची संख्या वाढलेली दिसेल. ती मोजणी सुधारल्याची खूण असते. त्यावरून सिस्टरना जाब विचारलात तर पुढच्या महिन्यापासून पुन्हा ‘साधारण ३००’ लिहिलं जाईल.

प्रश्न : गाइडलाइनप्रमाणे उपचार केले नाहीत तर तो निष्काळजीपणा ठरतो का? (डॉक्टर, ठाणे)

आपोआप नाही. जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की त्या काळी वैद्यकीय क्षेत्रात मान्य असलेली पद्धत डॉक्टरने पाळली असेल, तर दुसरी अधिक चांगली पद्धत होती एवढ्यावरून तो दोषी ठरत नाही. पण गाइडलाइन सोडायची तर कारण केस पेपरवर त्याच वेळी लिहा, वेळेसकट. ‘रक्तदाब १६०/११०, म्हणून मेथर्जिन दिलं नाही’ एवढी एक ओळ पुरते. स्वतः लिहिलेला प्रोटोकॉल फाइलमध्ये ठेवून तो न पाळणं मात्र अंगाशी येऊ शकतं, म्हणून जमणार नाही ते लिहू नका.

प्रश्न : पत्नीला आठवा महिना आहे. डॉक्टरांना याबद्दल विचारलं तर त्यांना राग तर येणार नाही ना? (बीड)

विचारा, मोकळेपणाने विचारा. तुमच्याकडे बाळंतपणानंतर रक्त मोजता का? रात्री कोण असतं? रक्त लागलं तर कुठून येतं आणि किती वेळ लागतो? या तीन प्रश्नांची उत्तरं चांगल्या दवाखान्याकडे तयार असतात. रक्तदाते दोघे-तिघे आधीच सांगून ठेवा.

या आठवड्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोहाची गोळी रोज चालू आहे ना, ते बघा. ती चहाबरोबर घेऊ नये, मध्ये तास-दोन तास जाऊ द्यावेत. हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर लगेच डॉक्टरांना भेटा. या टप्प्यावर लोहाचं शिरेतलं इंजेक्शन द्यायचं का ते डॉक्टर ठरवतील. ७ च्या खाली असेल तर प्रसूती रक्ताची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच व्हावी, आणि ते रुग्णालय कोणतं, हे आजच विचारून घ्या.